मुंबईत पहिली इम्पोर्टेड गाडी घेताना: आधी कागद, मग गाडी

दिवाळीनंतर लालबागचे एक केटरर माझ्याकडे आले. फोनमध्ये एका काळ्या जर्मन गाडीचे वीसेक फोटो आणि खिशात ५१ हजारांच्या टोकनची पावती. "दादा, गाडी एकदम मक्खन आहे, तुम्ही फक्त कागदांवर एक नजर टाका," म्हणाले. कागद उघडले तर पासिंग पुदुच्चेरीचं, गाडी तीन वर्षं मुंबईत फिरतेय, आणि आरसीवर बँकेचा बोजा तसाच. ते टोकन सोडवायला त्यांना पुढचे दोन महिने दलालाकडे खेपा घालाव्या लागल्या. माणूस धंद्यात मुरलेला, लग्नाच्या हजार पानांचा हिशेब तोंडावर. चुकला तो फक्त क्रम.

मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात अठरा वर्षं काढली. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालासाठी कस्टम्सला द्यायचा कागद, भरायची, गोदीत उभ्या गाडीच्या चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीने ठसा काढायचा, तो बिलाशी ताडून बघायचा, हे रोजचं काम. आता दादरला बसून जुन्या गाड्यांच्या कागदपत्रांची कामं करतो. ज्यांच्या घरात किंवा धंद्यात अशी गाडी पहिल्यांदा येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. शोरूममधून कोरी गाडी घेणाऱ्यांना कंपनीची माणसं सांभाळून घेतात. फसतो तो जुनी गाडी घेणारा, म्हणून भर त्याच्यावरच आहे.

पहिलं काम: गाडी खरंच इम्पोर्टेड आहे का

मुंबईत हा शब्द फार सैल वापरतात. आपल्या आजोबांच्या काळापासून वापरतात. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडत होती, पुढे कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि फियाट तयार झाल्या, पण लोकांच्या तोंडी त्या सगळ्या ‘परदेशी गाड्या’च होत्या. आजही तसंच आहे. बॉनेटवर जर्मन खूण दिसली की वॉचमनपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे ‘इम्पोर्टेड’ म्हणतात.

प्रत्यक्षात मर्सिडीजच्या सी-क्लास, ई-क्लास चाकणला जोडल्या जातात. बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज, फाइव्ह सिरीज, एक्स-वन, एक्स-थ्री चेन्नईला. ऑडीच्या बऱ्याचशा गाड्या छत्रपती संभाजीनगरला. रेंज रोव्हरसुद्धा २०२४ पासून पुण्यात जोडली जाते. सुटे भाग पेट्यांमधून येतात आणि इथे गाडी उभी राहते, या प्रकाराला व्यवहारात सीकेडी म्हणतात. फेरारी, लॅम्बोर्गिनी, पोर्शे, बेंटली, रोल्स-रॉइस, टोयोटाची वेलफायर किंवा लँड क्रूझर ३०० या गाड्या जहाजातून पूर्ण बांधूनच उतरतात. त्या सीबीयू. इम्पोर्टेड म्हणायचं ते यांना.

हा फरक केवळ शब्दाचा नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५ टक्के एकरकमी आरटीओ कर लागतो. आयात केलेल्या गाडीला, आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीलाही, तो सरसकट २० टक्के आहे. जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना साध्या मोटारीला ५,००० रुपये फी आहे, आयात केलेल्या मोटारीला ४०,०००. वीस वर्षं उलटली की ऑगस्ट २०२५ च्या नियमानुसार हेच आकडे १०,००० आणि ८०,००० होतात. जुनी इम्पोर्टेड गाडी पाच-सात लाखांत मिळतेय म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी हा आकडा किमतीतच धरावा.

ओळखायचं कसं? चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि त्याची पहिली तीन अक्षरं कंपनीची ओळख सांगतात, पण गाडी कुठे जोडली हे त्यांवरून नेहमी कळेलच असं नाही. त्यामुळे नंबरवरून पैज मारू नका. मूळ शोरूमचं बिल मागा आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला तो चेसिस नंबर देऊन विचारा.

किंमत एवढी का, हे एकदा कागदावर मांडा

भाव करायला बसण्याआधी हा हिशेब डोक्यात पक्का हवा. समजा, विमा आणि जहाजभाड्यासह गाडीची किंमत बंदरात ५० लाख पडली. ४० हजार डॉलरच्या वरच्या गाडीवर फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पापासून मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर ४० टक्के आहे. म्हणजे ३५ लाख अधिक २० लाख. झाले एक कोटी पाच लाख. त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे, म्हणजे आणखी ४२ लाख. एक कोटी ४७ लाख झाले, आणि अजून शोरूमचा नफा, आरटीओचा कर आणि विमा बाकी आहेत.

म्हणूनच अशी गाडी शोरूमच्या फाटकातून बाहेर पडताच भराभर उतरते. पहिल्या मालकाने भरलेला कर दुसऱ्या मालकाला कोणी पूर्ण मोजून देत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याचा फायदा इथेच आहे, आणि धोकाही. तुम्ही एक कोटी सत्तर लाखांची गाडी पन्नास लाखांत घेतलीत, तरी तिचा सस्पेन्शनचा खर्च एक कोटी सत्तर लाखांच्या गाडीचाच राहतो. भाव उतरतो, सुट्या भागांच्या किमती उतरत नाहीत.

आखातातून परतणारी मंडळी मला हमखास विचारतात, "दुबईतली माझी गाडी इकडे आणता येईल का?" नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच येऊ शकते. दुबईत स्टिअरिंग डावीकडे, तिथेच विषय संपतो. जपान किंवा इंग्लंडमधली उजव्या स्टिअरिंगची गाडी या नियमांत बसू शकते, पण वापरलेल्या गाडीवरचं शुल्क आणि उपकर मिळून १३७.५ टक्के होतात, वर जीएसटी. भावनेपोटी एवढा पैसा घालू नका. कार्नेवर, म्हणजे शुल्क न भरता काही काळापुरती गाडी आणायच्या कागदावर, आणलेली गाडी मुदतीत देशाबाहेर न्यावी लागते, ती विकता येत नाही. कोणी अशी गाडी ‘सेटिंग करून देतो’ म्हणाला तर उठून या.

गाडी कशासाठी हवी, हे स्वतःला स्पष्ट सांगा

आमच्या केटररदादांचा खरा बेत पुढच्या बोलण्यात बाहेर आला. लग्नसराईत नवरा-नवरीला मिरवायला गाडी भाड्याने द्यायची, महिन्याला चार-पाच ऑर्डरी धरल्या तर हप्ता निघतो. मुंबईत हा धंदा खरोखर चालतो. लग्नाच्या गाड्या, गोरेगावच्या चित्रनगरीत शूटिंगला लागणाऱ्या गाड्या, पंचतारांकित हॉटेलांकडून पाहुण्यांसाठी धावणाऱ्या गाड्या, बीकेसीच्या हिरेबाजारात येणाऱ्या परदेशी ग्राहकांना विमानतळावरून आणणाऱ्या गाड्या. यातल्या प्रत्येक गाडीमागे कोकणातून किंवा घाटावरून आलेला एक तरी ड्रायव्हर, एक धुणारा, एक मेकॅनिक आणि एक विमा एजंट पोट भरत असतो. म्हणून मी या गाड्यांना नुसती चैन म्हणत नाही.

पण पांढऱ्या पाटीवर भाडं करता येत नाही. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी, परमिट, फिटनेस आणि व्यावसायिक विमा लागतो. ड्रायव्हरशिवाय भाड्याने देण्याच्या गाड्यांना काळी पाटी आणि पिवळी अक्षरं. परमिटशिवाय भाडं मारताना पकडलं तर मोटार वाहन कायद्यात पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड आहे, सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. दंड परवडला असं समजणाऱ्यांनी विम्याचा विचार करावा. खासगी पॉलिसीची गाडी भाड्यावर असताना ठोकली की विमा कंपनी क्लेम नाकारायला मोकळी असते. चाळीस लाखांची गाडी, पंधरा लाखांची दुरुस्ती, आणि हातात शून्य. हे ऐकल्यावर दादा बराच वेळ गप्प बसले.

‘कंपनीच्या नावावर घ्या, टॅक्स वाचतो’ हा सल्लाही जपून घ्या. इथे जोडलेली गाडी कंपनीच्या नावावर नवी घेतली की आरटीओचा कर १३ किंवा १५ टक्क्यांवरून थेट २० टक्क्यांवर जातो. मोटारीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही साध्या धंद्याला मिळत नाही. ते प्रवासी वाहतूक, गाड्यांची खरेदी-विक्री आणि ड्रायव्हिंग स्कूल अशा मोजक्या धंद्यांनाच आहे. घसाऱ्याचा फायदा मिळतो, तो किती ते तुमच्या सीएकडून लिहून घ्या आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून ठरवा.

कुठे शोधायची

कंपन्यांची स्वतःची जुन्या गाड्यांची दालनं आहेत. भाव चढा, पण गाडी तपासलेली आणि वॉरंटीसह मिळते. पहिल्या गाडीला मी तोच रस्ता सुचवतो. त्याखालोखाल अंधेरी, ओशिवरा, जोगेश्वरी पट्ट्यातले मोठे डीलर. जुन्या गाड्यांच्या डीलरला एप्रिल २०२३ पासून परिवहन विभागाकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते भिंतीवर दिसलं नाही तर मागा. मागायला लाजू नका, चांगला डीलर स्वतःहून दाखवतो.

दलालांची भाषा समजून घ्या. ‘सिंगल हँड’ म्हणजे एकच मालक, पण तो मालक एखादी कंपनी असेल तर गाडी दहा ड्रायव्हरांच्या हातून गेलेली असू शकते. ‘पार्टीची गाडी आहे’ म्हणजे मालक समोर येणार नाही. ‘पेपर चालू आहेत’ म्हणजे पेपर अपुरे आहेत. ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंट’ला काही अर्थ नाही, तपासणीचा रिपोर्ट हाच पुरावा. आणि दलाली किती, कोण देणार, हे पहिल्या भेटीतच बोलून घ्या.

कागद

इथे घाई करू नका. माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या आठ इथल्याच असतात.

आरसीवरचा चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर एकेक अक्षर बोटाने धरून जुळवा. ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर नोंद बघा: मालक कितवा, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे का, बोजा आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का. निर्मितीचा महिना आणि नोंदणीचा महिना वेगळे असतात. शोरूमच्या यार्डात वर्षभर उभी राहिलेली गाडी कागदावर वर्षाने तरुण दिसते.

बोजा असेल तर तो उतरवायचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ शिवाय पुढे जाऊ नका. "हप्ते संपलेत, फक्त कागद यायचाय" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. कर्ज शिल्लक असेल तर तुमचे पैसे थेट मालकाच्या कर्जखात्यात भरा, उरलेली रक्कम मालकाला द्या, आणि हे सगळं करारनाम्यात लिहा.

परराज्यातलं पासिंग हा मुंबईतला जुना रोग आहे. कर कमी पडतो म्हणून महागड्या गाड्या पुदुच्चेरी किंवा दमणच्या पत्त्यावर नोंदवायच्या आणि चालवायच्या वरळीत. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. मूळ आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी आणायची, इथला कर गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा, मग महाराष्ट्राचा नंबर. पहिल्या मालकाने चुकवलेल्या कराचा भार असा तुमच्या डोक्यावर येतो. गाडी स्वस्त का दिसतेय, याचं उत्तर बहुतेक वेळा याच एका ओळीत असतं. अशी गाडी घ्यायचीच असेल तर महाराष्ट्राचा कर किती बसेल ते आधी काढा आणि तेवढी रक्कम किमतीतून कापा. मुंबईची पासिंगं लक्षात ठेवा: एमएच-०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली.

एखाद्या व्यक्तीने स्वतः आयात केलेली गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री हा तिचा जन्मदाखला. कंपनीने आणलेल्या गाडीची बिल ऑफ एंट्री कंपनीच्या नावावर असते आणि ग्राहकाकडे शोरूमचं बिल असतं, तिथे तेवढं पुरतं. पण स्वतः आणलेल्या गाडीत आयातदाराचं नाव, चेसिस नंबर, घोषित किंमत आणि शुल्क भरल्याची नोंद हे चारही बघायचे. परदेशी वकिलातींच्या अधिकाऱ्यांना शुल्कात सवलत असते. त्यांच्या नावावर गाड्या आणून खासगी लोकांना विकल्याची प्रकरणं महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडलेली आहेत. अशी गाडी जप्त होते तेव्हा ती ज्याच्या दारातून उचलली जाते त्याचे पैसे गेले, मग त्याने कितीही प्रामाणिकपणे घेतली असो. माझ्या ऑफिसच्या दिवसांत एका मध्यमवयीन गृहस्थांना मी न्यू कस्टम हाऊसच्या जिन्यावर डोकं धरून बसलेलं पाहिलंय. गाडी चौथ्या मालकाकडून घेतली होती त्यांनी. तो चेहरा आठवतो म्हणून मी या कागदासाठी एवढा हट्ट धरतो.

विम्याचा इतिहासही मागा. नो क्लेम बोनस शून्यावर आलाय का? म्हणजे मागे क्लेम झालाय. कशाचा, ते विचारा. मग थकलेली ई-चलानं बघा. सागरी किनारा मार्गावर ताशी ८० ची मर्यादा आहे, बोगद्यात ६०, आणि कॅमेरे आहेत. ताकदवान गाडीच्या नावावर तिथली चलानं साचलेली असतातच. ती विकणाऱ्याने भरायची.

मग गाडी

सकाळी जा, इंजिन थंड असताना. आधी फोन करून सांगा की माझ्या येण्याआधी सुरू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर कोणीतरी थंड इंजिनचा आवाज तुमच्यापासून लपवतोय.

मुंबईच्या गाडीचे तीन शत्रू: पाणी, खारी हवा आणि ट्रॅफिक.

पाण्याचं गांभीर्य या शहराला २६ जुलै २००५ ला कळलं, जेव्हा सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पण दर पावसाळ्यात हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, माटुंग्याचं गांधी मार्केट इथे कोणाची ना कोणाची महागडी गाडी बुडतेच, आणि दिवाळीच्या सुमाराला पॉलिश होऊन बाजारात येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसली की परत फिरा. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांना गंज, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात वाळू, चटईखाली कुबट वास, यांतलं काहीही दिसलं तरी तेच. जर्मन गाड्यांत बरेच इलेक्ट्रॉनिक मोड्यूल सीटखाली आणि डिकीच्या तळाशी असतात. पाणी तिथवर गेलं असेल तर गाडी आज चालेल, सहा महिन्यांनी रोज नवी लाल खूण दाखवेल.

वरळी, वर्सोवा, कफ परेडला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारी हवा खाते. गाडी लिफ्टवर चढवून ब्रेकचे पाइप, सायलेन्सरचे जोड, खालचे बोल्ट बघा.

ट्रॅफिकचं नुकसान डिझेल गाडीत जास्त. धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगाने पळावी लागते. दादर ते नरिमन पॉइंट रेंगाळत जाणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो आणि तो बदलणं फार महाग. तुमचं रोजचं जाणं-येणं आठ-दहा किलोमीटरचं असेल तर डिझेल घेऊच नका, पेट्रोल किंवा हायब्रीड बघा. डिझेल घेतलंच तर पंधरवड्यातून एकदा अटल सेतूवरून किंवा एक्सप्रेसवेवरून लांबचा फेरा मारा.

मीटर मागे घेतलंय का, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. पण किलोमीटरची नोंद बऱ्याच गाड्यांत एकापेक्षा जास्त मोड्यूलमध्ये असते, काहींच्या चावीतसुद्धा. स्कॅनर लावला की फरक दिसतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली पूर्ण तपासणी काही हजारांत होते. चाळीस लाखांच्या व्यवहारात हा खर्च वाचवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, तेवढा करा. विकणारा तपासणीला नाही म्हणाला तर तुमचं उत्तर मिळालं.

एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर रात्रभर उभी राहिल्यावर कोणत्या कोपऱ्यात बसलीय ते सकाळी बघा. एक कोपरा खाली म्हणजे लाखाच्या आसपासचं काम असू शकतं.

जागा मोजा, मेकॅनिक ठरवा

गाडी ठरवण्याआधी टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरा. मोठ्या एसयूव्ही पाच मीटरपेक्षा लांब आणि सव्वादोन-अडीच टनांच्या असतात. दादर-परळच्या नव्या इमारतींत यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यावर वजन आणि उंचीची मर्यादा लिहिलेली असते. गाडी दारात आल्यावर ती वाचणारे लोक मला माहीत आहेत. रॅम्पचा उतार, वळणाचा खांब, सोसायटीचा स्पीडब्रेकर हेही बघा. बसक्या गाडीचं पोट तिथेच घासतं.

अधिकृत सर्व्हिस सेंटर महाग, पण वॉरंटी असेपर्यंत दुसरीकडे जाऊ नका. वॉरंटी संपल्यावर एकाच कंपनीच्या गाड्यांवर काम करणारा स्वतंत्र गॅरेजवाला शोधा. नवे सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या बाजारात मिळतात, जुने कुर्ला-कलिनाच्या सीएसटी रोडवर. दार, दिव्याची काच, आरसा जुना चालतो. ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंगचे भाग कधीही जुने घालू नका, मेकॅनिक कितीही भरवसा देवो.

पैसे आणि नाव बदलणं

टोकन थोडं द्या आणि पावतीवर लिहून घ्या की कागद किंवा तपासणी समाधानकारक नसेल तर रक्कम परत. एवढी एक ओळ आमच्या दादांच्या पावतीवर असती तर त्यांचे दोन महिने वाचले असते. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, त्यामुळे ‘थोडं कॅशमध्ये’ या बोलण्यात पडू नका. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घेतो, तो विवरणपत्रात वळता होतो. डीलरला जुन्या गाडीवर जीएसटी त्याच्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के लागतो. पूर्ण किमतीवर १८ टक्के मागत असेल तर बिलाचा हिशेब विचारा. मालकाकडून थेट घेताना जीएसटीचा प्रश्नच नसतो.

नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा त्याच आठवड्यात तुमच्या नावावर करून घ्या, आणि त्यात झिरो डेप्रिसिएशन (क्लेममधून सुट्या भागांचा घसारा न कापणारं कलम) आणि सोबत इंजिन प्रोटेक्ट घ्याच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला की इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. ड्रायव्हरलाही हे सांगून ठेवा: बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही, ढकलायची.

पहिले काही आठवडे

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचा. बऱ्याच युरोपीय गाड्या ९५ ऑक्टेन मागतात, काही ९८. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल पूर्वी ९१ चं असायचं, आता किती ते पंपावर विचारून घ्या. इंडियन ऑइलचं एक्सपी-९५ आणि एक्सपी-१०० मुंबईत मिळतं. जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं आणि आता पंपावर २० टक्क्यांचं मिश्रण आहे. अशा गाडीत रबरी नळ्या आणि इंधन पंप दर सर्व्हिसला तपासून घ्या आणि गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवू नका.

रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर धावणारे टायर असतील तर सहसा स्टेपनी नसते. एकाच टायरची किंमत छोट्या गाडीच्या चार टायरांएवढी होऊ शकते. कोकणात गणपतीला जायचं असेल तर आधी नजीकचा टायरवाला आणि टोइंगचा नंबर लिहून ठेवा, आणि गावाच्या आतल्या रस्त्यासाठी दुसऱ्या गाडीची सोय बघा.

केटररदादांनी शेवटी ती काळी गाडी सोडली. फेब्रुवारीत एमएच-०३ पासिंगची, चाकणला जोडलेली, चार वर्षांची पेट्रोल ई-क्लास घेतली, कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या दालनातून. भाड्याचा बेत बाजूला ठेवला. मंगळवारी सिद्धिविनायकाला नेली, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. तिथूनच मला फोन आला, "दादा, डिकीत एक छोटा लोखंडी तुकडा आहे, फेकू का?" मी जवळजवळ ओरडलोच. ती व्हील लॉकची चावी. अशा बऱ्याच गाड्यांच्या प्रत्येक चाकाला एक बोल्ट वेगळ्या खाचेचा असतो आणि तो फक्त त्याच तुकड्याने उघडतो. ताबा घेताना दोन्ही चाव्या, पुस्तिका आणि हा तुकडा मोजून घ्या. तो हरवला तर पंक्चरवाल्याच्या दारात रात्री अकरा वाजता कोणीही तुमचं चाक काढू शकत नाही.